मुलांच्या कार्टून मालिकांवरचे चित्रपट नक्की कोणासाठी?

रानवाट:
'डोरा द एक्स्प्लोरर' २००० साली सुरू झाली. घरात लहान मूल असलेल्यांना तिची रीत पाठ असेल. डोरा आपल्याकडे बघून विचारते, "पूल दिसतोय का तुम्हाला?" आणि थांबते. डोळे मिचकावत वाट बघते. मूल ओरडून सांगतं, मगच ती पुढे निघते. त्या थांबण्यातच मालिकेचा जीव आहे.

२०१९ च्या चित्रपटात सुरुवातीलाच छोटी डोरा जेवताना कॅमेऱ्याकडे वळून विचारते, 'देलिसिओसो' (स्पॅनिशमध्ये 'चविष्ट') म्हणता येतं का? तिचे आईबाबा चक्रावून बघतात, ही बोलतेय कोणाशी? माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. ती खुर्चीवर उभी राहून जोरात "देलिसिओसो!" म्हणाली आणि नेमकं त्याच वेळी सगळं थिएटर हसलं. लोक आईबाबांच्या चेहऱ्यांना हसत होते, पण तिला ते कसं कळावं? खाली बसली ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

ज्या वयाच्या मुलांनी मालिका डोक्यावर घेतली, चित्रपट त्यांच्यासाठीच हवा. मोठ्यांना जुन्या आठवणींची गंमत दाखवायला त्या मुलांना थिएटरमध्ये बोलावू नका.

तिसरा_अंक:
मुलीचं वाचून वाईट वाटलं. मुद्दा मात्र पटला नाही. मालिकेत डोराचा नकाशा तीन ठिकाणं सांगणार, ती ओलांडली की गोष्ट संपणार. अर्ध्या तासाच्या भागाला हे पुरतं. हेच दीड तासाच्या वर ताणलं तर तुमचीच मुलगी कंटाळली असती.

आणि चित्रपट डोराची टिंगल करत नाही. सोळा वर्षांची डोरा जंगलातून शहरातल्या शाळेत येते, मुलं तिला हसतात, तरी ती आपला स्वभाव सोडत नाही. चित्रपट तिच्याच बाजूने उभा राहतो. पुढे जंगलात भास होऊन सगळे काही वेळ चक्क कार्टून होतात, तिथे तर जुन्या मालिकेवरची माया उघड दिसते. चित्रपटात पात्र वाढायलाच हवं.

बांबूकॉप्टर:
@तिसरा_अंक, त्यासाठी वय कशाला वाढवायचं? डोरेमॉनचे चित्रपट १९८० पासून जवळपास दर वर्षी येतात आणि नोबिता अजून शाळकरी पोरगाच आहे. वाढतं ते त्याचं धाडस. 'नोबिताचा डायनासोर' घ्या. डायनासोरचं पिल्लू आमच्या हवाली करा, तुम्हाला घरी पोचवतो, असं चोर सांगतात. सुनिओ डळमळतो. जियान, जो मालिकेत नोबिताला रोज बुकलतो, तो म्हणतो की मी नोबिताबरोबर चालत येणार, कारण त्याने शेवटपर्यंत माझा हात सोडला नव्हता. मालिकेत रोज मार खाणारा नोबिता ज्याने पाहिलाय, त्याच्या पोटात इथे कालवतं. शेकडो भागांची ती पुंजी चित्रपटाला आयती मिळते. ती उधळू नये.

पाचवा_वारा:
रानवाट यांच्याशी सहमत. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या पहिल्या पर्वाचे २० भाग २०१० च्या चित्रपटात पावणेदोन तासांत कोंबले. घटना राहिल्या, सोक्का या पात्राचा विनोद गेला, नायक आंगचा खेळकरपणा गेला. नावांचे उच्चारसुद्धा बदलले!

चिऊचा_बाबा:
माझा अनुभव उलटा. 'पॉ पेट्रोल' या बचावपथकातल्या कुत्र्यांच्या कार्टूनमधला पोलीस कुत्रा चेस मालिकेत सदा हुकमाला हजर. २०२१ च्या चित्रपटात, पिल्लू असताना ज्या शहरात त्याला एकटं सोडून दिलं होतं तिथेच त्याला परत जावं लागतं, आणि ऐन कामाच्या वेळी त्याचे पाय गळतात. मुलगा माझ्या दंडाला घट्ट धरून बसला होता. मला वाटलं, चुकलंच आणून. रात्री अंथरुणात म्हणाला, "बाबा, चेसपण घाबरतो ना?" मग, पोहायला जायची आपल्याला भीती वाटते, हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. मालिकेच्या इतक्या भागांतून हे कधी निघालं नव्हतं.

रानवाट:
@चिऊचा_बाबा, हे मला मान्य. चेस घाबरतो तेव्हा तुमचा मुलगा त्याच्यासोबत असतो. माझी तक्रार गोष्ट बदलण्याबद्दल नाहीच. डोराने विचारलं, मुलीने उत्तर दिलं आणि ते ऐकायला पडद्यावर कोणी नव्हतं, एवढीच आहे.

तिसरा_अंक:
काल ते दृश्य पुन्हा लावून बघितलं. आधी मी आईबाबांच्या चेहऱ्यांकडेच बघून हसलो होतो. या वेळी प्रश्नानंतर मनात "देलिसिओसो" म्हणून पाहिलं. मोठ्यांना हसायला जागा ठेवलीय, उत्तर द्यायला नाही. बाकी चित्रपट मला अजूनही आवडतो, पण तिथे डोराने थांबायला हवं होतं.