कुत्र्याच्या 'हर्बल' गोचीड स्प्रेने मांजर थरथरायला लागलं, लेबलवर नेमकं काय बघायचं?

मनीची_आई:
नमस्कार मंडळी, पुण्यात असते. घरात शेरू (देशी, ४ वर्षं) आणि मनी. पाऊस सुरू झाला आणि शेरूच्या कानात, बोटांच्या फटीत गोचीडच गोचीड. दुकानदाराने एक स्प्रे दिला, बाटलीवर कडुलिंबाचं पान, तुळस आणि मोठ्ठं 'हर्बल'. रविवारी संध्याकाळी शेरूला चांगला भिजेस्तोवर मारला. मनीची सवय अशी की रात्री त्याच्या पोटाला चिकटून झोपायचं आणि त्याला चाटत बसायचं. अकराच्या सुमारास बघते तर तिचे कान सारखे फडफडतायत, माशी बसल्यासारखे, पाठीची कातडी लाटेसारखी हलतीये, तोंडाला लाळ, मागचे पाय लटपट. मला वाटलं थंडी वाजतीये, शाल गुंडाळली (काय ती अक्कल). मग भाजीच्या टोपलीत घालून रिक्षाने दवाखाना. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "कुत्र्याला काय लावलंत?" दोन रात्री ठेवून घेतली, आता बरी आहे. घरी येऊन मोबाईलच्या टॉर्चमध्ये बाटली वाचली तर पानाच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात पर्मेथ्रिन.
आता शाम्पू, वाइप्स, पावडर, साबण सगळं बादलीत काढून ठेवलंय. काय ठेवू, काय टाकू? पॅराबेन, सल्फेट वगैरे वाचून डोकं फिरलंय.

दवाखान्यातला_दादा:
ताई, वेळेत नेलंत म्हणून वाचली. मी डॉक्टर नाही, जनावरांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, पण पावसाळ्यात ही केस येतेच येते. पर्मेथ्रिन म्हणजे कीटकनाशक; कुत्र्याचं लिव्हर त्याला मोडून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरला ते काम नीट जमत नाही, मग ते अंगात साठत राहतं आणि नसांवर चढतं. मानेवर टाकायचे कुत्र्यांचे काही ड्रॉप्स असतात त्यात ४५-५० टक्के किंवा जास्तच पर्मेथ्रिन असतं, ते 'थोडंसं' मांजराला लावणारे पण भेटलेत. सोपी खूण सांगतो, नावाच्या शेपटाला 'मेथ्रिन' दिसलं (पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन) की मांजर असलेल्या घरात ती वस्तू नकोच. कुत्र्याला आधीच लावून झालं असेल तर दोघांना दोन-तीन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवा.
आणि मांजराच्या अंगाला लागलंच तर भांड्याच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, गरम पाणी नको, उलटी करवायला जाऊ नका, दूध पाजू नका, बाटली सोबत घेऊन पळा. बाटली महत्त्वाची, आम्हाला अर्धा वेळ काय लावलं हेच कळत नाही.

साताऱ्याचा_गडी:
आमच्याकडं म्हशीचं गोचिडाचं औषध असतंय तेच कुत्र्याला लावत्यात लोक, ते डेल्टामेथ्रिनच. पाण्यात किती टाकायचं त्याचा पत्ता नाही, अंदाजपंचे, काही जण तर नुसतंच फडक्यानं पुसत्यात. गोठ्यातली मांजर मेली की म्हणायचं साप चावला. ताई, ते सगळं फेका आन खोबरेल तेलात कापूर टाकून लावा, आमची आजी तेच लावायची. न्हायतर रिठ्याचं पाणी.

दवाखान्यातला_दादा:
@साताऱ्याचा_गडी भाऊ आजीबद्दल पूर्ण आदर, पण कापूर नको. कातडीतून आत जातो, चाटला तर पोटातून, आणि झटके येतात, मांजराला तर थोडाही पुरतो. टी ट्री ऑइलचं तेच, 'नैसर्गिक' म्हणून विकतात आणि निव्वळ तेल लावलं की कुत्रं दारुड्यासारखं झोकांड्या खातं. पाण्यात दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक अंघोळीच्या पाण्यात टाकायची सवय तर घराघरांत आहे, मांजराला ते पण विषच. रॉकेल लावलेली कुत्री येतात, कातडी सोललेली. रिठा चालेल पण डोळ्यांत गेला तर आग आग होते.

अंबरनाथचा_केमिस्ट:
शाम्पूच्या कारखान्यात क्वालिटीला आहे म्हणून दोन शब्द. सल्फेट म्हणजे फेस आणणारा घटक, त्याला लोक उगाच घाबरतात. त्याने कातडी कोरडी पडते, खाज येते, पण ते विष नव्हे, आणि निम्मी खाज नीट न धुतल्याने असते (माझ्या लॅब्रॅडॉरला शेवटच्या पाण्यात मीच पाच मिनिटं जास्त देतो, बायको ओरडते पाणी संपतं म्हणून). पॅराबेन म्हणजे माल खराब होऊ नये म्हणून घालतात ते, पण मला त्यापेक्षा जास्त खटकतं ते त्याच कामाचं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. पॅराबेन बदनाम झाल्यावर बऱ्याच कंपन्या याच्याकडे वळल्या, 'पॅराबेन-फ्री' छापलं की झालं. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत हे इतकं वाईट निघालं की युरोपात २०१७ पासून माणसांच्या लावून ठेवायच्या क्रीममध्ये बंदी आहे, धुऊन टाकायच्या शाम्पूत चालतं पण १५ पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत १५ भाग). आता तुमचे वाइप्स म्हणजे लावून ठेवायचीच वस्तू, वर मांजर ते चाटणार. वाइप्स आणि बिनपाण्याचा फेस पहिल्यांदा काढा, ओला पंचा काय वाईट आहे?
आणि लेबलवर सगळं का नसतं तर आपल्या १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात कॉस्मेटिक म्हणजे माणसाच्या अंगाला लावायची वस्तू, कुत्र्याचा साधा शाम्पू त्या व्याख्येत बसतच नाही. म्हणून ज्याने स्वतःहून पूर्ण घटक छापलेत, वास कमी आहे, तोच घ्या. माणसांचा शाम्पू पण नको, आपली कातडी आम्लधर्मी, साधारण ५.५ पीएच, कुत्र्याची ७ च्या आसपास. ओटमीलवाला बिनवासाचा बरा.

मनीची_आई:
बादली उपसली. साबणात पण पर्मेथ्रिन निघालं!! पावडरीवर घटकच नाहीत, फक्त 'सुरक्षित' लिहिलंय. टूथपेस्टवर झायलिटॉल दिसतंय ते काय?

दवाखान्यातला_दादा:
ती आधी टाका. झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याच्या पोटात गेला की रक्तातली साखर धाडकन उतरते.

मनीची_आई:
टाकली. मग शेरूच्या गोचिडांचं काय करू, तसंच सोडून चालणार नाही ना?

दवाखान्यातला_दादा:
अजिबात नाही, गोचीड ताप लई वाईट. डॉक्टरांना विचारून पोटात द्यायची गोळी घ्या, अफॉक्सोलेनर महिन्याची, फ्लुरालेनर साधारण तीन महिन्यांची. अंगावर काही राहत नाही म्हणून मनीला चाटायला काही उरत नाही. फक्त शेरूला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, या गोळ्यांनी फिट येऊ शकते अशी सूचना अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं तिथलं सरकारी खातं) २०१८ मध्ये दिलीये. वजन करून घ्या, अंदाजे नको. मनीला वेगळं औषध, तिचंच, मांजराचं लिहिलेलं. आणि रोज संध्याकाळी उवांची बारीक फणी, चिमट्याने गोचीड तोंडाजवळ धरून सरळ ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा, नखाने चिरडू नका.

साताऱ्याचा_गडी:
दादा ते कापराचं आईला सांगितलं. ती म्हणाली तुझ्या आजीचं मांजर पण असंच थरथरत गेलं होतं.