साध्या सर्दीला पोरांना मॉन्टेलुकास्ट द्यायचं का?

चिंगीचीआई: पोराचं नाक जरा गळायला लागलं की आपल्याकडे मॉन्टेलुकास्ट (दमा-ॲलर्जीचं औषध) आणि लिवोसेटिरिझिन (ॲलर्जीचं औषध) यांचं एकत्र सिरप लिहून मिळतं, आणि बाटलीत उरलेलं पुढच्या पावसाळ्यात आपणच काढून पाजतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने, मार्च २०२० मध्ये यातल्या मॉन्टेलुकास्टवर सगळ्यात कडक, काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. वाईट स्वप्नं, झोपेत चालणं, चिडचिड, मारामारी, नैराश्य, आत्महत्येचे विचार, हे सगळं त्यात आलंय. ॲलर्जीची सर्दी साधी असेल आणि दुसऱ्या औषधाने भागत असेल तर हे देऊच नका असंही सांगितलंय. मग सर्दीसाठी हे मुलांना देणं बंदच करा ना. दम्याचं वेगळं, ते डॉक्टर बघतील.

सांगलीकर७२: झालं सुरू. आता हे वाचून दम्याच्या मुलांचे आईबापपण गोळी परस्पर बंद करणार! माझा मुलगा दमेकरी आहे, आधी थंडी पडली की नेब्युलायझर घेऊन रात्र काढायचो, गोळी चालू झाल्यापासून पोरगं खोकल्याशिवाय झोपतंय. आणि अर्धंच का सांगता? एफडीएने इनहेल्ड स्टिरॉइड (पंपाने ओढायचं दम्याचं औषध) घेणाऱ्या पेशंटशी तुलना करून बघितली तेव्हा नैराश्य, स्वतःला इजा करणं हे मॉन्टेलुकास्टवाल्यांत जास्त सापडलं नाही.

चिंगीचीआई: बरोबर आहे, नाही सापडलं. तरी इशारा दिलाच ना? कारण लोकांनी कळवलेल्या केसेस होत्या, आणि साध्या सर्दीत फायदाच एवढासा की त्यासाठी रिस्क कशाला. शिवाय रात्री दोनला किंचाळत उठणारं पोर कुठल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये येतं?

निवांत_बाबा: स्वप्नं सगळ्याच पोरांना पडतात हो. झोपेपर्यंत मोबाईल, वर शाळेचं टेन्शन. प्रत्येक गोष्टीचं खापर गोळीवर कशाला.

मेडिकलवाला: कसं ओळखायचं सांगतो. औषध कधी चालू केलं आणि वागणं कधी बदललं, दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा. शांत पोरगं गोळी चालू झाल्यावर भावंडांना चावायला लागलं तर मोबाईलला शिव्या घालण्याआधी डॉक्टरला फोन करा. बंद केल्यावर बहुतेकांचं कमी होतं, पण काहींना नंतरही त्रास राहतो. आणि काउंटरवरचं सांगू का, चिठ्ठी कोण आणतंय! "मागच्या वेळचंच द्या, ते चेरीच्या चवीचं." २ ते ५ वर्षांना ४ मिग्रॅ, ६ ते १४ ला ५ मिग्रॅ, मोठ्यांना १०, आणि लोक मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देतात.

निवांत_बाबा: मग तुम्ही देता कशाला?

मेडिकलवाला: मी नाही दिली तर समोरचा देतो. असो. त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ वर कळवा, सरकारी टोल फ्री आहे, पेशंटच्या घरच्यांनाही फोन करता येतो. आपल्याकडे कोणी कळवतच नाही आणि मग म्हणायचं भारतात असं काही होत नाही.

कराडची_मावशी: खरी गोम पंपात आहे. दम्याला आधी स्टिरॉइडचा पंप द्यायचा असतो, थेट फुफ्फुसात जातो, डोस मायक्रोग्रॅममध्ये. पण "पंप लागला की सुटत नाही", "पोरीचं लग्न कसं जमणार" असं आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणतात, म्हणून आईबापच डॉक्टरला गळ घालतात की पंप नको गोळी द्या. म्हणजे ज्याला घाबरायचं त्याला घाबरत नाही आपण.

सांगलीकर७२: मावशी, आमच्याकडे पंप आणि गोळी दोन्ही चालू आहे, डॉक्टरने विचार करूनच दिलंय. मी गोळी थांबवणार नाही. आणि "बंदच करा" हे असं ग्रुपवर टाकू नका, उद्या कोणाला रात्री ॲटॅक आला तर?

चिंगीचीआई: सर्दीसाठी लिहिलंय, परत वाचा. दम्याची गोळी कोणी मनाने थांबवू नये हे मलाही मान्य. पण सर्दीचं म्हणणं मी मागे घेत नाही.