संस्थेचा वर्धापनदिन: शाल-श्रीफळ की अर्थ टेस्टर?

वऱ्हाडी_ओहम
आयईटीई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियंत्यांची आपली संस्था, स्थापना २ नोव्हेंबर १९५३. त्या तारखेला तालुक्याच्या पॉलिटेक्निकात ठरलेला कार्यक्रम: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग तासभर इतिहास. हा इतिहास बंद करा असं माझं स्पष्ट मत. त्या वेळात मुलांना मैदानात नेऊन अर्थ टेस्टर हातात द्या, म्हणजे अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र; आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं.

शेतातल्या पंपाची मोटार बंद करून आधी अर्थिंगची पट्टी पॅनेलपासून सोडवायची. नाही सोडवली तर डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, न्यूट्रलचं अर्थिंगही त्याच्याशी जोडलेलं राहतं आणि आकडा फुकटचा चांगला येतो. मग टेस्टरचे दोन खुंट जमिनीत ठोकायचे: करंटचा अर्थिंगपासून ३० मीटरवर, व्होल्टेजचा त्याच रेषेत १८ ते १९ मीटरवर. मग व्होल्टेजचा खुंट ३ मीटर पुढे आणि ३ मीटर मागे सरकवून पुन्हा वाचायचं. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच विश्वास ठेवा. फरक मोठा असेल तर करंटचा खुंट आणखी लांब न्या.

तारायंत्र
कडाडून विरोध. इतिहास म्हणजे फक्त सनावळी, हा तुमचा गैरसमज आहे.

आयट्रिपलई ही अभियंत्यांची जागतिक संस्था १ जानेवारी १९६३ रोजी झाली, १८८४ ची एआयईई (वीज अभियंत्यांची) आणि १९१२ ची आयआरई (रेडिओ अभियंत्यांची) या अमेरिकेतल्या संस्था एकत्र येऊन. त्यातल्या आयआरईच्या मासिकात १९३७ साली ब्राउन, लुईस आणि एपस्टाईन यांचा लेख आला. मिडियम वेव्ह रेडिओच्या प्रक्षेपण मनोऱ्याखाली तांब्याच्या तारा किती पुरायच्या, हे त्यांनी तारा वाढवत वाढवत, ११३ पर्यंत नेऊन मोजलं. पुढे १२० तारांचा प्रघात पडला तो या कामावरून. जमिनीत काय पुरायचं हे आधी मोजा, मग ठरवा, अशी सवय या संस्थांनी लावली. तुमचा टेस्टर त्याच घराण्यातला!

शिवाय आयईटीईची एएमआयईटीई ही परीक्षा. नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्या डिप्लोमावाल्यांना तिच्यामुळे पदवीच्या तोडीची मान्यता मिळत असे. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांचीच ती टिकली. हे तालुक्यातल्या पोरांना कोणी सांगायचं?

वऱ्हाडी_ओहम
एएमआयईटीईचा मुद्दा मान्य. तेवढी १० मिनिटं द्या. पण १९३७ चा दाखला इथे गैरलागू आहे. मनोऱ्याखालच्या तारा रेडिओ लहरींच्या परतीच्या करंटसाठी असतात आणि तो मातीच्या वरच्या थरातच वाहतो, म्हणून त्या उथळ चालतात. मोटारीचं अर्थिंग ५० हर्ट्झच्या फॉल्टसाठी. तिथे ओल लागेपर्यंत खोल जावंच लागतं.

फेज_गेला
अन् भाऊ, २ नोव्हेंबरले अर्थिंग मोजून काय करता? पावसाळा नुकताच सरलेला, काळी माती ओलीगच्च. आकडा झकास येते अन् पोट्टे खूश. तेच अर्थिंग एप्रिल-मे मध्ये मोजा. माती भेगाळते, सळईपासून सुटते, मधात हवा भरते. मंग पाहा रीडिंग कुठं जाते ते. मोजाचं असंन त मे महिन्यात मोजा.

नोव्हेंबरात हरभऱ्याचं ओलित सुरू असते. एका डीपीवर साऱ्याइच्या मोटारी एकाच टायमाले चालतात, व्होल्टेज पडते, फ्यूज उडते, एक फेज जाते. त्या दिवशी स्टार्टर उघडा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट वाढला का मोटार बंद करनारा) वाइंडिंगच्या फेजमध्ये असंन त त्याले मोटारीच्या पाटीवरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर ठेवा लागते. पाटीवर ७.५ अँपिअर, त रिले ४.४ वर. लोक पाटीवरचाच आकडा लावतात, मंग मोटार जळते पन रिले काही पडत नाही.

तारायंत्र
फेज गेल्यावर वाचवायला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असतो ना?

फेज_गेला
असते, पन कोनता? निरा व्होल्टेज पाहनारा फसते. चालू मोटार गेलेल्या फेजवर सोताच व्होल्टेज तयार करते, अन् त्याले वाटते तिन्ही फेज हायेत. इकडं उरलेल्या दोन तारांत करंट पावनेदोन पट होते. सीटीवाला, करंट पाहनारा घ्या. अन् दोन फेजवर चालवाले कंडेन्सर लावलेला असंन त प्रिव्हेंटर बायपास केलेला असतेच, ते आधी तपासा.

वऱ्हाडी_ओहम
मातीचा मुद्दा बिनतोड. टेस्टर मे महिन्यात, नोव्हेंबरात स्टार्टर. पण मे मध्ये पॉलिटेक्निकला सुट्ट्या, मुलं येणार कुठून?

तारायंत्र
मग नोव्हेंबरातही मोजा आणि आकडा तारखेसकट पॅनेलच्या दाराच्या आतून रंगाने लिहून ठेवा. मे मधला आकडा त्याच्याच खाली, मग मोजणारा वायरमन का असेना. भाषण मात्र मी २० मिनिटांच्या खाली आणणार नाही.

फेज_गेला
२० चालते. पन ओलिताची लाइन आली का भाषन बंद.