गाव शहरात आले. वीस वर्षांच्या आराखड्यात आपले म्हणणे केव्हा मांडावे?

प्रश्न (शिवेवरचा शेतकरी)

आमचे गाव काही वर्षांपूर्वी एका मोठ्या महापालिकेच्या हद्दीत आले. शहराचे नाव मुद्दामच लिहीत नाही. विकास आराखड्यासाठी गेल्या महिन्यात सर्वेक्षणाचे पथक येऊन गेले. आमची तीन एकर पेरूची बाग आहे. छाटणी नुकतीच झालेली असल्याने झाडे बोडकी दिसत होती आणि पथकाच्या नकाशावर आमच्या गटापुढे 'मोकळी जागा' असे लिहिलेले मी स्वतः पाहिले. उत्तरेच्या बांधालगतचा ओढा तर नकाशात नव्हताच.

जुन्या हद्दीतील माझ्या मामांच्या जमिनीवर मागच्या आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण पडले. आज तेथे ना क्रीडांगण झाले, ना मोबदला मिळाला, ना घर बांधता आले. शहर वाढणार आहे आणि त्याला शाळा, रस्ते, मैदाने लागणार आहेत, हे मला मान्य आहे. परंतु प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईपर्यंत थांबावे की आताच काही करावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (नगररचना खात्यातून निवृत्त)

थांबू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो आणि त्या नकाशावर आरक्षणे बसवून कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते. हरकती त्यानंतर मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणीही होते. परंतु तोपर्यंत रेषा पडलेली असते आणि पडलेली रेषा हलवणे फार कठीण जाते.

पुण्याचेच पाहा. जुन्या हद्दीच्या २००७ ते २०२७ या कालावधीच्या आराखड्याचे प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या, २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा आपल्याकडे घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. वीस वर्षांपैकी दहा वर्षे मंजुरीतच सरली. एवढ्या ढिगाऱ्यात एका बागेचा अर्ज कोण किती वेळ वाचणार?

तुमच्या नकाशावरील 'मोकळी जागा' हे दोन शब्द मी फार गांभीर्याने घेतो. मैदान, दवाखाना किंवा शाळा यांच्यासाठी जागा शोधताना आराखडा करणारा माणूस आधी मोकळे गट पाहतो, कारण बांधकामावर आरक्षण टाकले तर ते अमलात येत नाही हे त्याला ठाऊक असते. परिणामी ज्याने गुंठा-गुंठा तोडून विकले त्याची जमीन वाचते आणि ज्याने शेती राखली त्याच्या बागेवर आरक्षण येते. हा अन्याय मी अनेक वर्षे जवळून पाहिला आहे आणि तो मला आजही बोचतो.

म्हणून आताच लेखी निवेदन द्या. सोबत सातबाऱ्याचा पीकपाहणीसह उतारा, गट नकाशा आणि बागेची तारखेसह छायाचित्रे जोडा, पोच घ्या. एकट्याने न देता शेजारच्या आठ-दहा गटांनी मिळून दिले तर अधिक चांगले.

उत्तर २ (मोजणीदार)

मामांसाठी याच अधिनियमाचे कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नसेल, तर मालकी हक्काच्या कागदांसह खरेदी सूचना (म्हणजे जमीन विकत घ्या, अशी लेखी नोटीस) देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची खरी कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता पत्रव्यवहार म्हणजे कार्यवाही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र आरक्षण व्यपगत झाले की मालक सुटतो आणि वस्तीतील मुलांचे मैदान कायमचे जाते, त्यामुळे हा मार्ग सुचवताना मला समाधान वाटत नाही.

माझ्या मते नव्या गावांसाठी नगररचना योजना हा अधिक न्याय्य मार्ग आहे. तिच्यात सगळ्यांचे मूळ भूखंड एकत्र धरून रस्ते, मैदाने, शाळा यांच्या जागा काढतात आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड देतात. योजनेमुळे जमिनीची किंमत वाढते म्हणून मालकाकडून जे सुधारणा अंशदान घेतात, ते त्या वाढीच्या निम्म्याहून अधिक आकारता येत नाही. हे काही नवे नाही. आपल्याकडे याचा पहिला कायदा १९१५ चा. पुण्यात भांडारकर रस्त्याच्या परिसरातील पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' आणि मुंबईत सांताक्रूझ, विलेपार्ले येथील पत्त्यांत 'टी.पी.एस.' (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना) अजून लिहितात, ते याच योजनांमुळे. त्या गल्ल्या सरळ आहेत आणि भार एकाच कुटुंबावर पडलेला नाही. अडचण एवढीच की अंतिम भूखंड ठरवणाऱ्या लवादापुढील काम लांबते आणि त्या काळात गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकणे, थांबत नाही.

उत्तर ३ (पुण्यातील आंबिल ओढ्याकाठची रहिवासी)

बागेइतकीच त्या ओढ्याची काळजी घ्या, ही कळकळीची विनंती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा सोसायट्यांच्या भिंती पडल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या आणि माणसे गेली. पाणी उतरल्यावर आमच्या जिन्यात तिसऱ्या पायरीपर्यंत चिखल होता. वर्षानुवर्षे ओढ्याचे पात्र अरुंद होत गेले होते. जो ओढा आज नकाशात नाही, त्याच्यावर पुढे भराव पडला तर हरकत कशाच्या आधारे घेणार?

भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढा. त्यावर ओढा दाखवलेला असतो आणि गाडीवाटा दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. पाणंदींची नोंद पुष्कळदा सातबाऱ्यावर नसते, म्हणून त्याही निवेदनात मागा. उद्याचे अंतर्गत रस्ते त्यांवरूनच नेता येतील आणि कोणाच्या बागेतून नवी रेषा काढावी लागणार नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. सोमवारी गाव नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज करतो. ओढ्याकाठच्या अकरा खातेदारांशी बोललो. नऊजण सही करायला तयार आहेत. उरलेल्या दोघांनी पात्राला लागूनच प्लॉट पाडले आहेत. निवेदनात ओढ्याची रुंदी आजची लिहावी की जुन्या नकाशावर मोजून येईल ती?

उत्तर २ (मोजणीदार)

दोन्ही लिहा आणि त्यांतील फरक मीटरमध्ये वेगळा दाखवा.