‘पथ्य’ नको, मग कोणता शब्द?

रंकाळाकाठ: कोल्हापुरातल्या एका समुपदेशक मैत्रिणीसाठी खाण्याच्या आजारांवरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘रिस्ट्रिक्टिव्ह ईटिंग’पाशी, म्हणजे मुद्दाम कमी खाण्यापाशी, अडलेय. मी ‘पथ्य’ लिहिलं, तिनं खोडलं. पोरगी भात सोडते, चार घासांवर उठते, तेव्हा घरचे कौतुकानं हाच शब्द वापरतात म्हणे. ॲनोरेक्सियाला, म्हणजे या उपाशी राहण्याच्या आजाराला, ‘क्षुधानाश’ म्हणावं, तर या मुलींची भूक, निदान सुरुवातीला, मेलेली नसते, दाबलेली असते.

जुनाकोश: पथ्य ‘पथ’वरून, वाटेला धरून असलेलं. शब्दाचा दोष नाही. कावीळ उतरली की पथ्य सुटतं. जे सुटतच नाही ते पथ्य कसलं? ‘क्षुधानाशा’ची चूक मात्र मुळातलीच. इंग्रज डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली आजाराला जे नाव दिलं, त्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थच भूक नसणे. ‘आहारनिर्बंध’ लिहा.

तालीमवाला: नोटीस वाटती ती, साहेब. आमच्याकडं ‘पोट मारणं’ म्हणत्यात. भूक हाय, पण खात न्हाई. आणि काय पायजे?

उत्तरेश्वर_पेठ: नको दादा. माझ्या सासूबाईंनी पोट मारून दोन पोरं शिकवली. त्या शब्दात त्याग आहे. आजाराला तो लावला तर पुन्हा कौतुकच होणार.

मी सतराव्या वर्षी डब्यातली भाकरी कुस्करून फेकायचे. घरात म्हणायचे, ‘हिला अन्न जात नाही.’ जात होतं. मी जाऊ देत नव्हते. वजन फार उतरलं नव्हतं, म्हणून दोन वर्षं कुणाला कळलंच नाही. पुढं आहारतज्ज्ञ बाईंनी घड्याळ लावून दिलं: भूक लागो न लागो, तीन जेवणं आणि मधली दोन खाणी. नवरात्राचा उपवासही सोडायला लावला. अंबाबाईला हात जोडून मी अष्टमीला जेवले, तेव्हा आई रडली होती.

रंकाळाकाठ: ताई, ‘जाऊ देत नव्हते’ हे पत्रकात घेऊ का?

उत्तरेश्वर_पेठ: घ्या. नाव नको.

जुनाकोश: ते वाक्य झालं, संज्ञा नव्हे. बुलिमियाला तरी काय लिहिलंय? ‘भस्म्या’ नको. भस्म्यात नुसती न भागणारी भूक. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं त्यात येत नाही.

तालीमवाला: आमची आजी ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणायची. आता ‘वासना’ म्हटलं की माणसं दचकत्यात.

जुनाकोश: का दचकावं? वासना म्हणजे इच्छा. चांगला अर्थ आपणच टाकून दिला.

तालीमवाला: टाकला न्हाई, साहेब. आमच्या गल्लीत अजून म्हणत्यात.