ट्रॅड जॅझ : तिघं फुंकणारे एकदम वाजवायला लागले की गोंधळ का होतो?

पितळी_पुणे
नमस्कार मंडळी. न्यू ऑर्लिन्स पद्धतीचा जुना जॅझ वाजवणारा हौशी संच जमवतोय. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम (ट्रॉम्बोनच्या उंचीचं, व्हॉल्व्हचं पितळी वाद्य), सूझाफोन (अंगाभोवती घ्यायचं खर्जाचं पितळी वाद्य), बँजो आणि ड्रम. सुरुवात ‘सेंट्स’पासून (‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ हे गाणं), पट्टी बी-फ्लॅट. सोलो बरे होतात, पण ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि युफोनियम हे तिघं एकत्र फुंकायला लागले की नुसता कालवा. कोणी काय वाजवायचं? आणि ट्रॉम्बोन नाही, तर युफोनियमवर भागेल का?

वरची_पट्टी
सगळे एकाच उंचीवर वाजवत असणार. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं (कागदावरचा सी वाजवला की पियानोचा बी-फ्लॅट ऐकू येतो), त्यामुळे तुमच्या पट्टीत दोघांच्या कागदावर सी मेजर येतो. ट्रम्पेटची चाल सी, ई, एफ आणि मग दुसऱ्या रेघेवरचा जी. क्लॅरिनेटवर नेमके याच जीपासून बी-फ्लॅटपर्यंतचे सूर मुळात अशक्त. तिथे तो जोर लावतो, सूर फाटतो आणि चालही झाकली जाते. त्याला तिसऱ्या घरातल्या सीच्या खाली उतरूच देऊ नका. तिथून वर एक सप्तक, एवढी त्याची हद्द.

आता वेळ. तो जी पाच मात्रा टिकतो : पहिला बार (चार मात्रांचा गट) पूर्ण आणि दुसऱ्याची पहिली मात्रा. मोकळी जागा तीच. क्लॅरिनेटने पहिल्या बारच्या दुसऱ्या मात्रेला शिरायचं आणि दुसऱ्या बारच्या समेवर थांबायचं. पुढे ट्रम्पेट सी-ई-एफ चढत असताना त्याने एक लांब सूर धरायचा, धावायचं नाही. तिसऱ्या बारमध्ये जी पुन्हा येतो, ती जागा युफोनियमची. एवढी वाटणी पाळली तरी निम्मा गोंधळ जातो.

ट्रम्पेटवाल्यालाही एक सांगा : एकत्र वाजवताना चाल साधी ठेवायची. त्याने नक्षी काढली तर बाकीच्यांना धरायला काही उरत नाही.

तालीम मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत करा. आधी ट्रम्पेट आणि सूझाफोन, मग युफोनियम, क्लॅरिनेट सगळ्यात शेवटी.

खर्जवाला
युफोनियम चालेल. त्याचं काम एका कॉर्डमधून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटातून) पुढच्या कॉर्डमध्ये नेऊन सोडणं. ट्रम्पेटचा पहिला जी येतो तो बार १ धरा. बार ६ मध्ये बी-फ्लॅट, ७ मध्ये एफ-सेव्हन : डीवरून ई-फ्लॅटवर चढा. बार ८ वरून ९ ला परत डीवर उतरा. बार १० मध्ये बी-फ्लॅट-सेव्हन, ११ मध्ये ई-फ्लॅट : शेवटच्या मात्रेला ए-फ्लॅट, समेवर जी (कॉर्ड आणि युफोनियमचे सूर पियानोच्या नावाने दिलेत). ट्रॉम्बोनवर ए-फ्लॅट तिसऱ्या जागी आणि जी चौथ्या, म्हणून तिथे दांडी सरकवून मींड निघते. युफोनियमवर ए-फ्लॅट पहिल्या व्हॉल्व्हने, जी पहिल्या-दुसऱ्याने. दुसरा व्हॉल्व्ह हळू, अर्धवट दाबत खाली आलात तर मींडेचा भास होतो. सारखं करू नका, एका कोरसला (चालीच्या एका पूर्ण फेरीला) दोनदा पुष्कळ.

सूझाफोनने पहिल्या मात्रेला मूळ सूर, तिसरीला पंचम. सूर आखूड ठेवा, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला श्वास मिळतो. लांब धरले की दम संपतो आणि लय मागे पडते. बँजोने चारही मात्रा सारख्या तोडायच्या.

तबकडी
ड्रमरला जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवताना सावध. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच, थोडं आखूड वाद्य) वाजवणाऱ्या किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या मुद्रिका माइकऐवजी भोंग्यासमोर वाजवून घेतलेल्या आहेत. मोठा ड्रम त्या यंत्रणेला झेपत नसे, म्हणून त्याचा ड्रमर बेबी डॉड्स त्यात बराचसा लाकडी ठोकळाच वाजवतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात न्यू ऑर्लिन्सचा ड्रमर असा वाजवत नसे. स्नेअरवर (खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमवर) दाबून काढलेला रोल हा त्या शैलीचा कणा, आणि तो १९४४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झालेल्या ट्रम्पेटवाल्या बंक जॉन्सनच्या मुद्रणांत नीट ऐकू येतो. ड्रमवर तिथेही बेबी डॉड्सच. क्लॅरिनेटवर जॉर्ज लुईस, ट्रॉम्बोनवर जिम रॉबिन्सन. तिघांची वाटणी शिकायला यापेक्षा चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. ऑलिव्हरकडे दोन कॉर्नेट आहेत (दुसरा लुई आर्मस्ट्राँगचा), नवशिक्याचा कान तिथे गोंधळतो.

आणि कृपा करून सगळं कागदावर उतरवू नका. कॉर्ड लिहा, बाकी कानाने.

वरची_पट्टी
इथे मतभेद आहे. पहिल्या कोरसचा क्लॅरिनेट लिहून द्यावा, आणि तो पाठ झाला की कागद काढून घ्यावा. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांत मुलं आधी सोल्फेज (कागदावरचे सूर नावाने गाणं) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांची स्वरलिपी) शिकत. त्याच तयारीवर गोव्याचे वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझही वाजवत होते. वाचता येण्याने कोणाचा कान बिघडला नाही.

पितळी_पुणे
उद्यापासून क्लॅरिनेट वर पाठवतो! एकच अडचण : शेवट कधीच एकत्र होत नाही.

खर्जवाला
खूण ट्रम्पेटची. सोलो संपले की सगळ्यांनी मिळून दोन किंवा तीन कोरस, पहिला दबक्या आवाजात. शेवटचा कोरस सुरू होताना ट्रम्पेटने मूठ वर करायची. तो संपला की ड्रम एकटा चार बार, मग सगळ्यांनी शेवटचे चार बार पुन्हा आणि बंद. ड्रमरचे चार बार सगळ्यांनी मनात मोजायचे. त्याच्या ठोक्यांच्या भरवशावर राहिलात तर अर्धे जण लवकर घुसतात.

एसी सभागृहात सूर लावताना लक्ष ठेवा. गारव्याने पितळ उतरतं, बँजोच्या तारा मात्र चढतात. वाद्यं दहा मिनिटं फुंकून गरम करा, मग क्लॅरिनेटचा बॅरल (तोंडाच्या तुकड्याखालचा आखूड जोड) मिलिमीटरभर ओढून बी-फ्लॅट जुळवा आणि बँजो सर्वांत शेवटी लावा. बँजोला कातडं असेल तर पावसाळ्यात ते सैल पडून घोडी खाली बसते आणि आवाज बद्द होतो. प्लास्टिकचा पडदा बसवून घ्या.