क्रॉस सिलिंडर: पेशंट 'दोन्ही सारखंच' म्हणत असेल तर ॲक्सिस कसा ठरवायचा?

लालबाग_ऑप्टोम: रेटिनोस्कोपीत (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याच्या तपासणीत) −०.७५ × ९०, म्हणजे −०.७५ सिलिंडर (तिरपेपणाचा नंबर), ॲक्सिस (त्याची दिशा) ९० अंश; चष्म्यासह ६/६. ट्रायल फ्रेमपुढे ±०.५० ची क्रॉस सिलिंडर (सिलिंडरचा ॲक्सिस आणि पॉवर तपासायची, दांडीने उलटायची काच) धरली की पेशंट कधी ७५ कडे नेतो, कधी १०५ कडे, मग म्हणतो 'दोन्ही सारखंच'. ही काच बदलावी का? तक्ता देवनागरी आहे, त्याने फरक पडतो का?

काच_आणि_कोन: ६/६ दिसणाऱ्याला ±०.२५ घ्या. ±०.५० ने दोन्ही बाजू इतक्या पुसट होतात की निवडायला काही उरत नाही. ती ६/१२ किंवा त्याहून कमी दिसणाऱ्यांसाठी ठेवा.

पण आधी स्फिअर (सगळ्या दिशांना सारखा असलेला नंबर). प्लस जास्त राहिला तर उत्तरं भरकटतात. ड्युओक्रोमवर (लाल-हिरव्या पार्श्वभूमीच्या तक्त्यावर) लाल-हिरवं सारखं येऊ द्या. तरुण पेशंटला हिरवं किंचित ठळक चालेल.

मग क्रॉस सिलिंडरची दांडी ९० वर, म्हणजे काच उलटताना लाल ठिपके (तिच्या मायनस ॲक्सिसची खूण) एकदा ४५ वर, एकदा १३५ वर येतात. विचारताना "दोन्ही थोडं पुसटच दिसेल, कमी पुसट कुठलं?" असं विचारा. ज्या बाजूला लाल ठिपका असताना बरं दिसतं, तिकडे मायनस सिलिंडरचा ॲक्सिस १५ अंश सरकवा. उत्तर उलटलं की निम्मं मागे. 'सारखंच' हे ॲक्सिसचं बरोबर उत्तर असू शकतं. खात्रीसाठी मुद्दाम ७५ वर आणि १०५ वर नेऊन बघा. दोन्हीकडून मध्येच परत आणत असेल तर ९० पक्कं.

०.७५ ला ५ अंशांची चूक जेमतेम ०.१३ डायॉप्टर उरवते, तिच्यामागे लागू नका. −३.०० ला तेवढ्याच चुकीने अर्धा डायॉप्टर राहतो. तिथे मात्र सोडू नका.

दादर_रिफ्रॅक्शन: तक्त्याने फरक पडतो. शिरोरेषा आडवी असल्यामुळे पेशंट ती रेघ ज्या बाजूला ठळक दिसते तीच निवडतो, विशेषतः ९०-१८० च्या सिलिंडरची पॉवर बघताना. ठिपक्यांचा गट, नाहीतर गोल 'ओ' दाखवा, सर्वात लहान वाचलेल्या ओळीपेक्षा एक ओळ मोठा. मान कललेली किंवा फ्रेम एका कानावर वर चढलेली असेल तर ॲक्सिस तितकाच चुकतो, हेही आधी बघा.

लालबाग_ऑप्टोम: पॉवर बघताना स्फिअर कधी बदलायचा?

काच_आणि_कोन: ॲक्सिस ठरल्यावर. दांडी ४५ अंश फिरवा, लाल ठिपके सिलिंडरच्या ॲक्सिसवर आणा. तसं बरं दिसलं तर −०.२५ वाढवा, उलट बाजू बरी वाटली तर कमी करा. सिलिंडर −०.५० ने वाढला की स्फिअरमध्ये +०.२५ घाला, नाहीतर पुढची सगळी उत्तरं चुकीच्या फोकसवर मिळतात. दोन पॉवरमध्ये अडकलात तर कमी द्या. आणि क्रॉस सिलिंडर नवी घेतली असेल तर लाल ठिपका मायनस ॲक्सिसवरच आहे ना, हे लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) तपासूनच वापरा.